राजगड आणि जागतिक वारसा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

2025 या वर्षी जगाच्या रंगमंचावर अनेक लहानमोठ्या घडामोडी झाल्या. परंतु भोर आणि तेव्हाचा वेल्हे या दोन तालुक्यांच्या इतिहासात ज्या घटनेची नोंद कायम राहील, ती त्या वर्षीच्या 11 जुलै रोजी पॅरिस येथे घडली. युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या 47 व्या अधिवेशनात ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समूह यादीत दाखल झाला आणि त्यात गुंजण मावळातील राजगडाचा समावेश झाला. आनंद सार्थच आहे. तथापि त्या आनंदाबरोबर काही चुकीच्या समजुतीही गावोगाव पसरल्या आहेत आणि त्या वेळीच दूर होणे गडाच्या हिताचे आहे.

शिवाजी महाराजांचे सारे गड आता जागतिक वारसा झाले, ही त्यांतली पहिली समजूत होय. वस्तुतः राजगडासह साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी एवढेच किल्ले त्या समूहात आहेत. राजगडाच्या शेजारी उभा असलेला तोरणा त्यात नाही, भोरजवळचा रोहिडा नाही, रायरेश्वराचे पठार नाही; सिंहगड आणि पुरंदरही नाहीत. म्हणून त्यांचे मोल उणे ठरत नाही. डोंगर, अरण्य, पठार, किनारा आणि बेट अशा भिन्न भूमीवर एकाच राज्यसत्तेने दुर्गबांधणी कशी जमवून घेतली, हे एकत्र दाखवणारा हा संच आहे. शिवाय बारा किल्ल्यांना मिळून यादीत नोंद एकच आहे आणि ती भारताची 44 वी नोंद होय.

राजगड हा केवळ जुनी राजधानी म्हणून निवडला गेला, असेही पुष्कळांना वाटते. रायगडापूर्वी सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार येथून चालला, 1659 मध्ये महाराजांच्या राणी सईबाईंचे देहावसान येथे झाले, आग्र्याहून सुटून महाराज 1666 मध्ये येथेच परतले आणि 1670 मध्ये त्यांचे पुत्र राजाराम यांचा जन्म याच गडावर झाला, हे सारे खरेच आहे. परंतु गडाची थोरवी त्याच्या रचनेतही आहे, आणि ती पाहायची तर संजीवनी माचीवर सावकाश फिरावे. तेथे तट दुहेरी आहे : बाहेरची भिंत, तिच्या आत माणूस जेमतेम चालू शकेल अशी चिंचोळी वाट, आणि मग आतला चिलखती बुरूज, ज्याच्या पोटातून अरुंद पायऱ्या त्या वाटेत उतरतात. बाहेरचा तट पडला तरी शत्रूला अडवण्यास दुसरा उभाच राहतो. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना पसरलेल्या आणि मध्यभागी बालेकिल्ला, अशी ही योजना डोंगराचा मूळ आकार ओळखून केलेली आहे. तिच्यापुढे मन नम्र होते.

आता गड युनेस्कोच्या मालकीचा झाला आणि परदेशातून निधीचा ओघ सुरू होईल, ही समजूत सर्वांत अधिक प्रचलित आणि सर्वांत अधिक घातक आहे. 1972 च्या ज्या करारानुसार ही यादी चालते आणि ज्याला भारताने 1977 मध्ये मान्यता दिली, त्यात वारसास्थळावरील सार्वभौमत्व त्या त्या राष्ट्राचेच राहते, हे स्पष्ट नमूद आहे. त्या कराराखालील निधी तुटपुंजा आहे आणि जतनाचा मुख्य भार ज्याचा त्यानेच उचलायचा असतो. समूहातील आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. राजगड मात्र साल्हेर, खांदेरी आणि प्रतापगड यांच्याप्रमाणे महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत येतो. गडावरील बांधकामाविषयीचे निर्बंधही पॅरिसच्या हुकुमाने येत नाहीत, आपल्याच कायद्यांतून येतात.

एकदा मिळालेला हा मान कायमचा, असे मानणेही चूक आहे. एल्बे नदीवर नवा पूल बांधल्यामुळे जर्मनीतील ड्रेस्डेनचे खोरे 2009 मध्ये यादीतून वगळले गेले; नव्या बांधकामांमुळे 2021 मध्ये लिव्हरपूलचे नाव गेले. ज्या अधिवेशनात राजगडाची नोंद झाली, त्यातच बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाचे राजवाडे धरून एकूण 26 नवी स्थळे दाखल झाली, आणि जतनाची कसोटी त्या सर्वांना सारखीच लागू आहे. गडावर होऊ घातलेल्या प्रत्येक नव्या सोयीचा विचार, मग ती पायवाट असो वा पाण्याची टाकी, या दृष्टीने व्हावयास हवा.

तेव्हा गुंजवण्याच्या वाटेने वा पाली दरवाजाने गड चढणाऱ्या प्रत्येकाने तटाचा निखळलेला दगड किंवा भिंतीवर कोरलेली नावे पाहिली, तर स्थळ आणि दिनांक नमूद करून त्याची लेखी खबर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास अवश्य द्यावी.