खेळातून जन्मलेल्या कादंबरीचा शेवट

कादंबरीवरून चित्रपट आणि चित्रपटावरून खेळ हा प्रवास आता सर्वांच्याच परिचयाचा झाला आहे. खेळातून कादंबरी जन्माला येण्याचा उलटा प्रवास मात्र तुलनेने कमी चर्चिला जातो. अशा पुस्तकांकडे ‘विक्रीसाठी काढलेला जोडमाल’ म्हणून पाहण्याची समीक्षकांची रीत आहे, आणि ती सर्वस्वी अन्यायाची आहे असेही नाही. तथापि, काही पुस्तके या चौकटीत राहूनही गंभीर प्रश्नाला हात घालतात. अमेरिकी लेखक रॉबर्ट शॅरेट यांची ‘फाइंड युवर ओन ट्रुथ’ ही १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी त्यांपैकीच एक होय. ‘शॅडोरन’ या खेळावर आधारलेल्या ‘सिक्रेट्स ऑफ पॉवर’ या कादंबरीत्रयीचा हा अखेरचा भाग. ‘नेव्हर डील विथ अ ड्रॅगन’ (१९९०) आणि ‘चूज युवर एनिमीज केअरफुली’ (१९९१) हे तिचे आधीचे दोन भाग.

‘शॅडोरन’ हा पडद्यावरचा नव्हे, तर टेबलाभोवती बसून खेळण्याचा खेळ. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला आणि ‘रोल प्लेइंग गेम’ हा प्रकार रूढ झाला. यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि फासे यशापयश ठरवतात. लिहिलेली संहिता नसते. कथा बोलता बोलता घडत जाते. शिकागोच्या ‘फासा’ या कंपनीने १९८९ मध्ये याच पद्धतीचा ‘शॅडोरन’ आणला. विशेष म्हणजे त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या रचनाकारांत पॉल ह्यूम आणि टॉम डाऊड यांच्यासोबत स्वतः शॅरेट होते. म्हणजे कादंबरीकार हा येथे भाड्याने आणलेला लेखक नव्हता. ज्या जगाची गोष्ट तो सांगत होता, ते उभारण्यात त्याचाही हात होता.

यंत्र आणि मंत्र एकाच शहरात

हे जग समजण्यासाठी ‘सायबरपंक’ म्हणजे काय, हे पाहावे लागेल. १९८३ मध्ये ब्रूस बेथकी यांच्या एका कथेच्या शीर्षकातून हा शब्द आला आणि १९८४ च्या विल्यम गिब्सन यांच्या ‘न्यूरोमॅन्सर’ या कादंबरीने त्याला रूप दिले. प्रगत तंत्रज्ञान आणि बकाल जीवन, सरकारांहून मोठ्या झालेल्या कंपन्या, मेंदूला थेट संगणकाशी जोडणारे हॅकर ही त्याची लक्षणे. ‘शॅडोरन’ने या काळ्याकुट्ट भविष्यात एक अनपेक्षित भर घातली, ती जादूची. खेळाच्या कल्पित इतिहासानुसार डिसेंबर २०११ मध्ये पृथ्वीवर जादू परतते, जपानच्या फुजी पर्वतावर ड्रॅगन प्रकट होतो आणि मानवी मातांच्या पोटी एल्फ व बुटके जन्म घेऊ लागतात. २०२१ मध्ये तर धडधाकट माणसे एकाएकी ऑर्क आणि ट्रोल यांत पालटतात. कथा घडते ती २०५० च्या सुमाराच्या सिएटलमध्ये.

या कल्पनाविलासामागे त्या काळची खरीखुरी भीती दडलेली आहे. खेळ आला ते १९८९ हे वर्ष अमेरिकेसाठी अस्वस्थतेचे होते. त्याच वर्षी सोनीने कोलंबिया पिक्चर्स ही चित्रपटसंस्था विकत घेतली आणि मित्सुबिशी इस्टेटने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये बहुसंख्य हिस्सा मिळवला. उद्याचे जग जपानी कंपन्यांचे असेल, ही धारणा प्रबळ होती. म्हणूनच या खेळातील चलनाचे नाव ‘नुयेन’ आहे, आणि त्रयीचा नायक सॅम व्हर्नर हा ‘रेनराकू’ या बलाढ्य जपानी कंपनीचा आज्ञाधारक कर्मचारी आहे. कंपनी हीच त्याची वसाहत आणि तेच त्याचे जग. खेळाच्या या जगात न्यायालयांनी मोठ्या कंपन्यांना स्वतःच्या आवारापुरते जवळजवळ सार्वभौमत्व बहाल केलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे सॅमची कोंडी कळते. मालकाविरुद्ध दाद मागायला त्याच्यापाशी दुसरा दरवाजाच नाही.

बहिणीसाठी किती किंमत?

त्रयीचा कणा एका साध्या नात्यात आहे. सॅमची बहीण जॅनिस हिचे रूप पालटते, ती माणूस राहत नाही आणि कंपनीची व्यवस्था तिला भावापासून तोडते. तिच्या शोधात सॅम कंपनीच्या सुरक्षित कोशातून बाहेर पडतो, सिएटलच्या सावल्यांत वावरणाऱ्या भाडोत्री साहसवीरांच्या आश्रयाला जातो आणि ज्या जादूवर त्याचा विश्वास नव्हता तीच आपल्यात आहे, हे त्याला उमगते. तो श्वान या दैवताचा शमन, म्हणजे मांत्रिक होतो. इमान राखणारा प्राणी त्याच्या वाट्याला यावा, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

अखेरच्या भागापर्यंत जॅनिसची अवस्था अधिकच भीषण झालेली असते. ती आता ‘वेंडिगो’ आहे. उत्तर अमेरिकेतील अल्गोंक्वियन भाषिक आदिवासींच्या परंपरेत वेंडिगो म्हणजे हिवाळ्यातील उपासमारीचे, नरमांसाच्या अतृप्त भुकेचे रूप. बहिणीत अजून माणूस शिल्लक आहे, असे भावाला वाटते. तिची भूक दर दिवशी त्याविरुद्ध साक्ष देते. स्वतःची शक्ती अपुरी पडते म्हणून सॅम प्राचीन सामर्थ्याचा शोध घेतो आणि त्या भरात युगानुयुगे बंदिस्त असलेले एक संकट मोकळे करतो. मग बहिणीला वाचवायचे की आपण ओढवलेला अनर्थ निस्तरायचा, हा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. पुढे काय होते ते वाचकाने पुस्तकातच पाहावे. मात्र शीर्षकातील ‘स्वतःचे सत्य शोध’ हा सल्ला सुखद नाही, एवढे येथे सांगता येईल. पहिल्या भागात कंपनी सॅमचे सत्य ठरवत होती. अखेरच्या भागात ते ठरवण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळते, आणि त्यासोबत दोष देण्यासाठी दुसरे कोणी उरत नाही.

उसनी घेतलेली वेदना

या कादंबरीकडे आज पाहताना आणखी एक मुद्दा टाळता येत नाही. खेळाच्या इतिहासात डॅनियल हाउलिंग कोयोटी या आदिवासी नेत्याच्या पुढाकाराने २०१७ मध्ये ‘ग्रेट घोस्ट डान्स’ होतो, ज्वालामुखी जागे होतात, अमेरिकी सरकार नमते आणि मूळ रहिवाशांना विस्तीर्ण भूमी परत मिळते. त्या महानृत्याचा धागा या कादंबरीपर्यंत येऊन पोहोचतो. प्रत्यक्ष इतिहास नेमका याच्या उलट आहे. १८८९ मध्ये नेवाडातील पायूट जमातीच्या वोवोका याला झालेल्या दृष्टान्तातून ‘घोस्ट डान्स’ची चळवळ पसरली. नाचाने पूर्वज परततील आणि हरवलेले जग पुन्हा मिळेल, अशी ती आशा होती. २९ डिसेंबर १८९० रोजी दक्षिण डाकोटातील वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लाकोटा स्त्री-पुरुष आणि मुलांचे हत्याकांड केले. मृतांचे अंदाज दीडशेपासून तीनशेपर्यंत जातात.

पराभूतांना कल्पनेत तरी विजय मिळवून द्यावा, हा लेखकांचा हेतू सहानुभूतीचा असू शकतो. पण ज्यांच्या पूर्वजांचे रक्त त्या नृत्यापायी सांडले, त्यांची श्रद्धा इतरांच्या खेळातील शस्त्र व्हावी का, हा प्रश्न उरतोच. वेंडिगोबाबतही तो तितकाच लागू आहे. पुस्तक वाचनीय असणे आणि हा प्रश्न रास्त असणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

शेवट कोणाचा?

खेळावरच्या त्रयीची खरी अडचण मात्र रचनेची आहे. कादंबरीला शेवट हवा असतो. खेळाला तो परवडत नाही. नायकाने जग कायमचे वाचवले, तर दुसऱ्या दिवशी टेबलाभोवती बसणाऱ्यांनी करायचे काय? १९८४ मध्ये सुरू झालेल्या मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ त्रयीने युद्धाचा शेवट करून हा प्रश्न एका प्रकारे सोडवला होता. शॅरेट यांनी अधिक अंतर्मुख वाट धरली. त्यांनी माणसाची गोष्ट संपवली आणि जग उघडे ठेवले. कंपन्या तशाच राहतात, ड्रॅगन तसेच राहतात, बदलतो तो सॅम. या मर्यादेमुळे काही ठिकाणी कथानक रेंगाळते, पात्रांची गर्दी होते, हेही खरे. पण त्याच मर्यादेमुळे संघर्ष जगाच्या नकाशावरून माणसाच्या अंतःकरणात येतो, हा तिचा लाभ.

पुढे ‘शॅडोरन’ची आणखी अनेक पुस्तके निघाली. १९९३ आणि १९९४ मध्ये त्यावर व्हिडिओ गेम आले. ‘फासा’ने २००१ मध्ये कामकाज थांबवले, तरी खेळ दुसऱ्या प्रकाशकांकडे जाऊन टिकला. २०१२ मध्ये चाहत्यांनी वर्गणीतून अठरा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली आणि त्यातून २०१३ मध्ये ‘शॅडोरन रिटर्न्स’ साकारला. दरम्यान २०११ आणि २०२१ ही दोन्ही वर्षे सरली. फुजीवर ड्रॅगन दिसला नाही, जपानी कंपन्यांनी जगही व्यापले नाही. भविष्य सांगण्यात हा खेळ चुकला. परंतु आपली माहिती बाळगणाऱ्या, आपले निर्णय घेणाऱ्या आणि तरीही कोणाला उत्तरदायी नसणाऱ्या महाकाय कंपन्या आज कोणाला परक्या वाटत नाहीत. सॅम व्हर्नरची गोष्ट अजून जुनी झालेली नाही, ती त्यामुळेच.