आधी दार, मग डोंगर

नवऱ्याच्या छळातून सुटलेल्या आणि पुढे डोंगर चढलेल्या स्त्रियांच्या कथांचा साचा ठरून गेला आहे: पिचलेली बाई, मग डोंगर, मग सामर्थ्य. ल्हाक्पा शेर्पा यांच्या आयुष्याचा अभ्यास करताना मला हा क्रम खटकू लागला.

ल्हाक्पा नेपाळच्या संखुवासभा जिल्ह्यातल्या. शाळा मिळाली नाही. मोहिमांमध्ये ओझी वाहत त्या वर पोहोचल्या. एव्हरेस्ट चढलेली पहिली नेपाळी स्त्री पासांग ल्हामू शेर्पा १९९३ साली उतरताना दगावल्या होत्या. २००० साली ल्हाक्पा शिखरावर जाऊन सुखरूप परतल्या, आणि असे करणारी ती पहिलीच नेपाळी स्त्री. पुढे एका परदेशी गिर्यारोहकाशी लग्न आणि अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये संसार. २००४च्या मोहिमेत त्याच नवऱ्याने त्यांना एव्हरेस्टवर मारहाण केली. त्याही वर्षी त्या शिखरावर पोहोचल्या होत्या.

२००६पर्यंत त्यांनी सहा वेळा एव्हरेस्ट सर केले. अंगात एवढी ताकद असूनही घरचा मार थांबला नाही. सातवी चढाई थेट २०१६ची. मधल्या दहा वर्षांत काय झाले, हे मला शिखरांच्या यादीपेक्षा महत्त्वाचे वाटते. परका देश, वाचता न येणारी लिपी, पदरी दोन मुली, माहेर हजारो मैल दूर. २०१२मध्ये मार खाऊन त्या रुग्णालयात गेल्या तेव्हा तिथल्या समाजसेविकेच्या मदतीने मुलींसह निवारागृहात पोहोचल्या. २०१५ साली घटस्फोट झाला. पोटासाठी सुपरमार्केटात भांडी घासली. बाहेरचे दार उघडले ते असे.

आपल्याकडेही २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा संरक्षण अधिकारी, निवारागृह आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. तो हाताशी नसताना एखादीला ‘ट्रेकिंगला जा, मन मोकळे होईल’ म्हणणे मला क्रूर वाटते.

मग डोंगर काय देतो? छळाच्या घरात नियम नसतो. काल चाललेले वरण आज भिंतीवर फेकले जाते, आणि आपले काय चुकले हे शोधण्यात बाईची वर्षे जातात. मी सह्याद्रीत प्रस्तरारोहण शिकले. कातळ कठोर असतो, पण लहरी नसतो. ठिसूळ पकड ठिसूळ असते म्हणूनच सुटते. चढण्याआधी दोघीजणी एकमेकींच्या गाठी तपासतात. वरून ‘दोर ताण’ अशी हाक आली की खालचीने तो ताणायचाच, का म्हणून विचारायचे नाही. थांबायचे म्हटले की थांबता येते. ज्या बाईचा ‘नको’ कधी कुणी ऐकलाच नाही, तिला हे किती नवे असेल! आणि उंचीची भीती? तिला निदान कारण असते. जिन्यावर वाजणाऱ्या पावलांच्या भीतीसारखी ती रोज घरी येत नाही.

ल्हाक्पा २०२२ साली दहाव्यांदा एव्हरेस्टवर गेल्या, तेव्हा पायथ्याच्या तळावर त्यांची धाकटी मुलगी वाट पाहत होती. पुढच्या वर्षी त्यांनी के-टू गाठले.