टाळी

टाळी म्हणजे दोन्ही हातांचे तळवे एकमेकांवर आपटून केलेला आवाज. हा स्त्रीलिंगी शब्द असून त्याचे अनेकवचन 'टाळ्या' असे होते. संस्कृतातील 'ताल' या शब्दाशी त्याचे नाते आहे. प्रशंसा हा टाळीचा सर्वाधिक रूढ अर्थ असला, तरी सोबतचे क्रियापद बदलताच अर्थही बदलतो.

क्रियापदानुसार अर्थ

• टाळी वाजवणे: कौतुक, स्वागत किंवा संमती दर्शवणे. मोठ्या समुदायाने एकाच वेळी टाळ्या वाजवल्यास त्यास 'टाळ्यांचा कडकडाट' म्हणतात.
• टाळी देणे: दुसऱ्याच्या तळहातावर आपला तळहात मारणे. मित्रांमध्ये विनोद रंगला किंवा मत जुळले की 'दे टाळी!' असे म्हटले जाते.
• टाळी घेणे: वक्त्याने अथवा नटाने श्रोत्यांची दाद मिळवणे. केवळ त्यासाठी योजलेल्या वाक्याला 'टाळ्याखाऊ वाक्य' म्हणतात. या शब्दात निंदेची छटा आहे.
• टाळी लागणे: तल्लीन होणे. 'ब्रह्मानंदी टाळी लागणे' या वाक्प्रचारात हातांचा आवाज अभिप्रेत नसून समाधीची अवस्था अभिप्रेत आहे.

म्हण

'एका हाताने टाळी वाजत नाही' म्हणजे भांडणाचा दोष सहसा दोन्ही बाजूंकडे असतो. मात्र अन्याय एकतर्फी असेल तेथे ही म्हण वापरल्यास पीडितावरच दोष येतो; म्हणून ती जपून वापरावी.

संगीतात

तबल्याच्या शास्त्रात 'टाळी' ही संज्ञा आहे. त्रितालाच्या १६ मात्रांपैकी १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळी देतात. ९ व्या मात्रेवर टाळी न देता हात बाजूला नेतात, त्यास 'काल' किंवा 'खाली' म्हणतात. भजनात व आरतीत वाद्य नसले तरी टाळीने ठेका धरता येतो.

सार्वजनिक जीवनात

सभासंमेलनांत टाळी ही श्रोत्यांची भाषा असते. शोकसभेत मात्र टाळ्या न वाजवण्याचा संकेत आहे. यवतमाळ येथे जानेवारी २०१९ मध्ये भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांनी केले. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. असे दुःख व्यासपीठावरून मांडले जाते, तेव्हा श्रोत्यांची टाळी ही करमणुकीची पावती नसते. बोलणाऱ्याचे धैर्य आपल्यापर्यंत पोहोचल्याची ती कबुली असते. कर्णबधिर व्यक्तींसाठी दोन्ही हात उंचावून पंजे हलवले जातात; ही आवाजाविना दिलेली टाळीच होय.