काळे पंख उन्हात भाजत का नाहीत? फुलपाखराचं कूलिंग आणि तुमचा फोन

निफाडचा फेब्रुवारी म्हणजे पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा. पहाटेच्या थंडीत द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात, तर दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन चटका देतो. बांधावरच्या फुलपाखराला एकाच दिवसात हे दोन्ही झेलायचं असतं. त्याच्याकडे हीटर नाही, फॅन नाही. आहेत ते फक्त पंख.

सकाळी: ऊन पकडायचं

फुलपाखराला हात लावला की बोटांना पावडर लागते ना? ते पंखांवरचे खवले. प्रत्येक खवला साधारण ०.१ मिलिमीटरचा, आणि ते घराच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात.

आपल्याकडेही दिसणाऱ्या 'कॉमन रोज' फुलपाखराच्या काळ्या खवल्यांवर अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी असते. प्रकाश छिद्रात शिरतो, आत इकडेतिकडे आपटतो आणि शोषला जातो. म्हणजे काळेपणा फक्त रंगद्रव्याचा नाही, रचनेचाही आहे. २०१७ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हीच आयडिया सोलर सेलच्या पातळ सिलिकॉन थरावर वापरली. तशी छिद्रं पाडलेल्या थराने सपाट थरापेक्षा बराच जास्त प्रकाश शोषला.

दुपारी: उष्णता फेकायची

प्रत्येक गरम वस्तू इन्फ्रारेड किरणांतून उष्णता बाहेर सोडते. निफाडची जमीन रात्री हेच करते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की त्यातली फारच थोडी उष्णता परत येते, म्हणून पहाट एवढी गारठते.

इथे गंमत आहे. या किरणांची तरंगलांबी साधारण १० मायक्रॉन, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या जवळपास २० पट. त्यामुळे डोळ्यांना दिसणारा रंग इथे फारसा चालत नाही. काळं आणि पांढरं प्लॅस्टिक कव्हर सावलीत जवळपास सारखीच उष्णता फेकतात. चकचकीत उघडा धातू मात्र खूप कमी फेकतो. फरक पडतो तो पदार्थ, त्याची जाडी आणि पृष्ठभागाची रचना यांनी.

पंख म्हणजे निर्जीव पापुद्रा नाही. त्याच्या शिरांतून कीटकाचं रक्त वाहतं, आत जिवंत पेशी असतात. कोलंबिया विद्यापीठाचे नानफांग यू आणि हार्वर्डच्या नाओमी पिअर्स यांच्या टीमने २०२० मध्ये दाखवलं, की पंखाच्या नेमक्या या जिवंत भागांवर कायटिनचा थर जाड असतो किंवा खवल्यांची सूक्ष्म रचना वेगळी असते. त्यामुळे हे भाग जास्त उष्णता फेकतात आणि आजूबाजूच्या भागापेक्षा थंड राहतात. एकाच पंखावर जागेनुसार वेगळं कूलिंग!

सेन्सरही आहेत

याच टीमने पंखांवर छोट्या ठिपक्याएवढा प्रकाश टाकून पाहिला. पंख साधारण ४० अंशांवर गेला की फुलपाखरं काही सेकंदांत हलायची, पंखांचा कोन बदलायची. पंखांतले सेन्सर तापमान ओळखतात.

तुमचा फोनही असंच करतो. आतला सेन्सर तापमान मोजतो. ते मर्यादेपलीकडे गेलं की फोन प्रोसेसरचा वेग आणि ब्राइटनेस कमी करतो, कधी चार्जिंगही थांबवतो. पण तो स्वतः उठून सावलीत जाऊ शकत नाही. ते काम तुमचं.

म्हणून मॅप लावून बाइकवर निघालात आणि फोन तापला, तर आधी सावलीत थांबा, कव्हर काढा, चार्जर लावला असेल तर काढा, फोनला हवा लागू द्या. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरून फोन कायमचा जाऊ शकतो. आणि उन्हात वापरायला कव्हर घ्यायचं असेल तर फिक्या रंगाचं घ्या: उष्णता फेकताना रंग चालत नसला, तरी ऊन शोषताना नक्की चालतो.