गिऱ्हाईक दारात येण्याआधी

घर विकायचं ठरलं, की पहिला विचार येतो तो ऑइल पेंटचा. थांबा हं! जानेवारी २०२४ मध्ये नेरुळ-बेलापूरची लोकल उरणपर्यंत आली, अटल सेतूही सुरू झाला. मुंबईहून घर बघायला येणं आता सोपं. पण खाऱ्या हवेनं पोखरलेली भिंत त्या माणसांनाही दिसतेच की!

लोणा फुटलेली भिंत ओल्या फडक्यानं पुसू नका, पाण्याबरोबर मीठ पुन्हा आत मुरतं. गळकं कौल, पाइप आधी दुरुस्त करा. भिंत वाळली की ताठ, कोरड्या ब्रशनं झाडा, जुना रंग खरवडा आणि चिमूटभर नीळ घालून चुन्याचे दोन हात द्या. चुन्यातून ओल बाहेर पडते. ऑइल पेंटखाली ती कोंडते आणि पावसाळ्यात फुगे येतात. चुना चिकटावा म्हणून काहीजणी त्यात मीठ घालतात. उरणात तरी नको बाई!

मोरा बंदराजवळचं सासूबाईंचं घर विकताना नणंद म्हणाली, "वहिनी, ओलीवर कपाट सरकवू या." सरकवलं. बघायला आलेल्या बाईंनी नेमकं तेच कपाट हलवलं, आणि व्यवहार मोडला! पुढच्या वेळी ओल मीच दाखवली, दुरुस्तीचा खर्च किमतीतून सोडला. घर महिन्याभरात गेलं.

सुकट-बोंबलाचे डबे मात्र आठवडाभर शेजारणीकडे ठेवावेत. आणि घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, उतारे एकाच पिशवीत हवेत; आम्ही ते शोधेपर्यंत पाहुण्यांचा चहा निवला होता.