पोरांना गेडी करून द्या!

जिवतीची अमावास्या आली की कोरची-कुरखेड्याकडे पोरे बापाच्या मागे लागतात, ‘बाबा, गेडी करून दे!’ बाप रोवणीच्या घाईत. ‘उद्या पाहू’ म्हणता म्हणता पोळा निघून जातो. शेजारच्या छत्तीसगडात याच अमावास्येला हरेली असते आणि गेडीशिवाय ती साजरी होत नाही.

पूर्वी गेडी म्हणजे नुसता खेळ नव्हता. गल्लीतला चिखल ओलांडायला पोरे गेडीवर चढत. आता गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, पोरांच्या हाती मोबाईल आला आणि गेडी मागे पडली.

यात नुकसान पोरांचेच आहे. गेडीवर थांबला तो पडला! एका पायावर भार घ्यायचा, दुसरा उचलायचा, त्यासोबत त्याच बाजूचा हातही उचलायचा. असा हातापायांचा मेळ बसला की तोल सावरता येतो. पुढे निसरड्या धुऱ्यावरून पऱ्ह्यांची पेंडी नेताना हाच तोल कामी येतो.

गेडीला बांबू तीन वर्षांचा, पक्का घ्यावा, कोवळा वाकतो. काठी पोराच्या डोक्याहून वीतभर उंच असावी. पाय ठेवायचा तुकडा गाठीच्या लगेच वर बांधावा, म्हणजे भाराने खाली सरकत नाही. शिकाऊ पोरासाठी तो जमिनीपासून वीतभरच उंच ठेवावा. बांबूची कूस तासून काढावी. पहिले काही दिवस मोठ्या माणसाने समोरून काठ्या धराव्यात आणि पोराला सिमेंटवर नव्हे, मातीवर चालवावे.

अंगणवाडीतल्या लहानग्यांना मात्र गेडी नको. अर्धा फाडलेला बांबू जमिनीवर पालथा घालून खुंट्यांनी पक्का करा आणि त्यावरून त्यांना चालू द्या. काठीने जुना टायर पळवणे हाही चांगला खेळ. यातल्या कशालाच विकतची खेळणी लागत नाहीत.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला. ज्या ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत, त्यांना शाळा-अंगणवाडीसाठी चार बांबू बाजूला काढणे जड नाही. मात्र पावसाळ्यात बांबूची तोड बंद असते आणि जिवती येते ती पावसाळ्यातच. म्हणून सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय उन्हाळ्यातल्या ग्रामसभेतच घ्यावा. रोवणीच्या घाईत मग कुणा बापाला ‘उद्या पाहू’ म्हणावे लागणार नाही.