कागदावरचा ‘अगर’ नीट वाचा

पनवेलमधील आपल्या अनेक घरांत उर्दू किंवा कोकणी बोलली जाते, पण तहसील कचेरीतून, बँकेतून येणारा कागद मराठीत असतो. अवघड शब्द दिसला की आपण कुणाला तरी विचारतो. वाक्ये जोडणारे छोटे शब्द मात्र ओळखीचे वाटतात, म्हणून त्यांच्यावरून नजर तशीच पुढे जाते. घोटाळा होतो तो तिथेच.

‘अगर’ हाच शब्द घ्या. उर्दूत त्याचा अर्थ ‘जर’. मराठी दस्तऐवजात तोच फारसी शब्द ‘किंवा’ या अर्थाने येतो. हक्कसोडपत्रात “सदर मिळकतीवर मी अगर माझे वारस हक्क सांगणार नाहीत” असे लिहिलेले असते. उर्दूच्या सवयीने वाचणाऱ्या बहिणीला यात काहीतरी अट आहे असे वाटेल. प्रत्यक्षात अट कसलीच नाही. तिच्यासोबत तिच्या मुलाबाळांचाही हक्क सुटतो आहे. पनवेलच्या जमिनींना आज जी किंमत आली आहे ती पाहता, सहीपूर्वी हा एक शब्द समजून घेणे किती गरजेचे आहे!

‘सबब’ही असाच. उर्दूत सबब म्हणजे कारण. मराठी अर्जात वा आदेशात ‘सबब’ म्हणजे ‘म्हणून’. “सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे” या वाक्यात कारण शोधू नका. ते आधीच्या ओळींत सापडेल. सबबनंतर येतो तो निर्णय.

‘व’ हा तर आपल्या उर्दूतला ‘वाव’च. बोलताना आपण ‘अन्’ किंवा ‘नि’ म्हणतो, लिहिताना ‘आणि’ किंवा ‘व’. दोन्ही शुद्ध आहेत. साधारणपणे दोन नावे जोडताना ‘व’ सुटसुटीत वाटतो आणि दोन वाक्ये जोडताना ‘आणि’ बरा दिसतो. “आधार कार्ड व रेशन कार्ड” म्हटले की दोन्ही न्यावी लागतात. “किंवा”, “अथवा” असेल तर एक पुरते. एवढे पाहिले तरी एक खेप वाचते.

‘पण’ घरातला, ‘परंतु’ कचेरीतला, अर्थ एकच. कायद्याच्या मराठी मजकुरात मात्र ‘परंतु’ने सुरू होणारे वाक्य बहुधा अपवाद किंवा अट सांगते. वरचा नियम वाचून थांबलात, तर आपल्याला लागू होणारी नेमकी ओळ राहून जाईल.

आपला अर्ज लिहिताना जड शब्दांची गरज नाही. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’, ‘म्हणून’ हे चार शब्द पुरेसे आहेत. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर सही करताना मात्र ‘अगर’, ‘सबब’, ‘परंतु’ यांखाली पेन्सिलीने रेघ मारा. घरातल्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलीला ती वाक्ये मोठ्याने वाचायला सांगा. अर्थ पटला, तरच सही करा.